नळीतली काजळी

तर झालं असं, की गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या कन्येचे स्कोअर पडायला लागले. ती अकरावीत आहे. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं तेव्हा ती एअर रायफल मारत होती. त्या दिवसापासून "मला पॉइंट टू टू" हा हट्ट सुरू झाला. रायफल क्लबची, गोळ्यांचा खर्च बापाचा. सध्या फक्त प्रोन, म्हणजे पालथं पडून मारायचं.

दहा गोळ्यांच्या सिरीजला जास्तीत जास्त 109. ही 101-102 मारायची, ती 97 वर आली. सलग खराब मारली असती तर एक वेळ कळलं असतं. पण सहा-सात गोळ्या बरोबर आणि मधेच एक आठ, कधी सात, तेही बहुतेक वर किंवा खाली. सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार ओळखीचा आहे. अधूनमधून येणारा बग. डोक्याला नुसता ताप!

शूटिंगमध्ये 'कॉल' नावाची गोष्ट असते. गोळी सुटली त्या क्षणी साईटमध्ये काय दिसलं यावरून, टार्गेट न बघता, गोळी कुठे गेली असेल ते सांगायचं. ही म्हणायची, "बाबा, शॉट चांगला सुटला होता." स्क्रीनवर आठ. आणि मी काय म्हणायचो? "अगं, श्वास नीट धर. ट्रिगर ओढतेयस तू." म्हणजे कोड बघायच्या आधीच युजरला शिव्या. ऑफिसात ज्युनियरने असं केलं असतं तर मीच त्याला झापलं असतं.

दीड महिना हे चाललं. स्पर्धा तीन आठवड्यांवर आली तेव्हा एके रात्री जेवताना तिने सांगितलं, "मी नाही जाणार. मला कॉलच करता येत नाहीत आता." मी गप्प.

त्या रविवारी सरांना म्हटलं, पोरगी बाजूला ठेवू, आधी रायफल बघू. स्टॉकचे स्क्रू टॉर्क रेंचने तपासले, ठीक. मागचा डायॉप्टर हलवून पाहिला, ठीक. पुढच्या साईटची रिंग, ठीक. नळीचं तोंड, ज्याला क्राउन म्हणतात, भिंगाखाली पाहिलं, कुठे टवका नाही. मग वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून सरांनी दहा गोळ्या मारल्या. दोन गोळ्या पळाल्या. त्याच डब्यातल्या गोळ्या शेजारच्या रायफलमधून मारल्या तर एकावर एक. मग आमच्याच रायफलमध्ये दुसऱ्या लॉटच्या गोळ्या घातल्या. पुन्हा एक पळाली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, एवढंच तर होतं. अर्धा तास लागला. दीड महिना नाही.

राहिली नळी. क्लबात एकाकडे मोबाईलला जोडायचा बारीक कॅमेरा होता, तो मागून आत घातला. चेंबर संपतो आणि आटे सुरू होतात तिथे काळी, चकचकीत कडी बसलेली. खालच्या बाजूला जास्त जाड.

ही कडी जळलेली दारू, गोळीवरचं मेण आणि प्राइमरमधली काचेची पूड यांची असते. हो, काच! पॉइंट टू टूच्या काडतुसाच्या कडेत जो मसाला भरतात त्यात घर्षणासाठी बारीक काच असते. हे सगळं गरम वायूंनी भाजून लाखेसारखं घट्ट होतं. गोळी शिशाची, मऊ. आट्यांत शिरतानाच ती या कडीवर घासते, कधी मेण खरवडलं जातं, कधी थोडी तिरकी शिरते. वेग एकसारखा राहत नाही.

वेगाचा ढोबळ हिशेब मी तिथेच केला (सवय). मॅचची गोळी सेकंदाला साधारण 325 मीटरने सुटते, 50 मीटरला जाईपर्यंत बारा-तेरा सेंटीमीटर खाली येते. वेग 10 मीटरने कमी पडला तर आणखी सात-आठ मिलिमीटर खाली. टार्गेटवर एका रिंगची रुंदी 8 मिलिमीटर! म्हणजे कडेचा दहा सरळ नवात. आठ-सात म्हणजे गोळीने वाटही सोडली असणार.

"पॉइंट टू टूची नळी साफ करायची नसते" असं ठामपणे सांगणारे लोक भेटतात. त्यात थोडं तथ्य आहे. शिसं नळी फारशी झिजवत नाही, आणि पुढून वाकडातिकडा रॉड घालून क्राउन खराब करणारे महाभाग बरेच. पण कधीच नाही? कॉलेजात एनसीसीला आम्ही पुलथ्रूला चिंदी बांधून ओढायचो, मागून पुढे. तेव्हा ती शिक्षा वाटायची.

बोल्ट काढला, चेंबर रिकामा असल्याचं दोघांनी पाहिलं, मागून गाईड बसवला. नळीचं तोंड खाली, नाहीतर सॉल्व्हंट ट्रिगरमध्ये उतरतो. ओली चिंदी फिरवून वीस मिनिटं थांबलो, मग ब्राँझचा ब्रश, स्टीलचा अजिबात नाही. पहिली चिंदी डांबरासारखी. तिसरीवर शिशाचे करडे कण. पाचवी हिरवट-निळी निघाली आणि मी उत्साहाने "तांबं निघतंय!" म्हणालो. सर हसले. तांबं मोठ्या रायफलींच्या गोळ्यांवर असतं, आमची गोळी निव्वळ शिशाची. हिरवा रंग ब्रशचाच होता, सॉल्व्हंट त्यालाच खात होता. असो. कडी एका बैठकीत गेली नाही. कॅमेरा, ब्रश, चिंदी, पुन्हा कॅमेरा असे चार फेरे झाले. शेवटी कोरडी चिंदी, चेंबरही कोरडा.

लगेच निकाल बघायचा नाही, हेही तिथेच शिकलो. धुतलेल्या नळीत मेणाचा थर पुन्हा बसेपर्यंत पहिल्या दहा-वीस गोळ्या कुठेही जातात. वीस गोळ्या बांधावरच्या मातीत घालवल्या. मग पिशव्यांवरून दहा. सगळ्या एका भोकात म्हणणार नाही, पण पळालेली एकही नाही.

मग ती पालथी पडली. 100.9.

मला वाटलं होतं, उडी मारेल. तिने फक्त विचारलं, "म्हणजे तेव्हाचे माझे कॉल बरोबर होते?" सर म्हणाले, "बरेचसे." मी "सॉरी" म्हटलं, ती "हं" म्हणाली.

स्पर्धेला गेली. स्कोअर बेताचाच आला. रायफल ठीक होती, पण प्रत्येक गोळीनंतर ती स्क्रीनकडे बघत होती, आणि ते कुठल्या सॉल्व्हंटने निघत नाही. सर म्हणतात, वेळ लागेल. आता दर महिन्याला नळीत कॅमेरा जातो, वहीत गोळ्यांचा हिशेब असतो, तो तीच ठेवते.

परवाच्या रविवारी एक आठ गेला. मी तोंड बंद ठेवून उभा होतो. स्क्रीनकडे न बघताच ती म्हणाली, "हा माझाच होता. खाली, उजवीकडे."

खाली, उजवीकडेच होता.