पाठकाचा पाचवा गुण

मुलांच्या चुका सुधारणे हाच ज्याच्या चरितार्थाचा मार्ग, त्याच्या स्वतःच्या चुका सहसा कोणी सुधारीत नाही. विद्यार्थी भितात, सहकारी संकोचतात आणि घरची माणसे 'मास्तरांचा स्वभावच तसा' म्हणून सोडून देतात. आमची अशीच एक जुनी चूक गेल्या दोन वर्षांत आमच्याच घरातील एका मुलीने आमच्या पदरात घातली. तीही एक शब्द उलट न बोलता. ती हकीगत वाचकांपुढे ठेवावी असे बरेच दिवस मनात होते.

ही मुलगी म्हणजे आमच्या कैलासवासी थोरल्या बंधूंची नात. पाच भावंडांत सर्वांत लहान, म्हणून घरात सारे तिला 'धाकटी' म्हणतात. आमचे घर वाईस. दोन्ही बंधूंचा परिवार आजही एकाच चुलीवर जेवतो. गणेशोत्सवात सायंकाळच्या आरतीनंतर मुलांनी अथर्वशीर्ष म्हणावे असा घरचा प्रघात आहे. धाकटी आठ वर्षांची असताना प्रथमच एकटी म्हणावयास उभी राहिली. तिचा आवाज मुळात बारीक, त्यात माजघर पाहुण्यांनी भरलेले. प्रारंभीच तिने एका ऱ्हस्वाचा दीर्घ केला. आम्ही तिला तेथेच थांबविले. पुन्हा म्हणवून घेतले, पुन्हा चुकली, पुन्हा थांबविले. चौथ्या खेपेस आम्ही म्हणालो, "आधी उच्चार नीट कर, मग चारचौघांत तोंड उघड."

पाहुणे हसले. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. परंतु धाकटीने आमची ती आज्ञा अक्षरशः पाळली. पुढे दहा वर्षे तिने चारचौघांत तोंड उघडले नाही. शाळेत उत्तर येत असूनही ती हात वर करीत नसे. घरी काही हवे असले तर आजीच्या कानात सांगे. आम्ही मात्र 'मुलगी शांत आहे, वळण चांगले आहे' असे म्हणून समाधान मानीत होतो.

अशा मुलीने बारावीनंतर, पुण्यास राहून नभोवाणीचे शिक्षण घ्यावयाचे आहे असे सांगितले, तेव्हा घरातील सर्वांनी एकमेकांच्या तोंडांकडे पाहिले. जिचा आवाज स्वयंपाकघरातून ओसरीवर पोहोचत नाही, ती गावभर कसा पोहोचविणार? तिच्या वडिलांनी तसे विचारलेही. ती खाली मान घालून म्हणाली, "तिथं समोर कुणी बसलेलं नसतं." या उत्तराने बाकीचे हसले. आम्हांस मात्र ते कोठेतरी बोचले. पण का, हे त्या वेळी उमगले नाही. शेवटी आमच्या थोरल्या वहिनींनी, म्हणजे तिच्या आजीने, निकाल दिला : "जाऊ द्या तिला."

वहिनींचे नभोवाणीवर पूर्वीपासून प्रेम. मुंबईचे केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले, त्या काळी श्रीमंतांच्याच दिवाणखान्यांतून यंत्रे असत. पुण्याचे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी निघाले आणि 1955-56 साली माडगूळकर-फडक्यांचे गीतरामायण तेथूनच आठवड्या-आठवड्याने घरोघर गेले. आमच्या लहानपणी यंत्र ठेवण्यासाठी पोस्टात परवान्याचे पैसे भरावे लागत. मुंबईची 'पुन्हा प्रपंच' ही श्रुतिका लागली म्हणजे टेकाडे भावजी आमच्याच ओसरीवर येऊन बसल्यासारखे वाटे. वहिनींची दृष्टी अलीकडे मंदावल्यामुळे तांदूळ निवडणे सुटले, वाचन सुटले. राहिला तो उशाजवळचा लहानसा रेडिओ.

महाविद्यालयांची स्वतःची नभोवाणी केंद्रे असतात, हे आम्हांस धाकटीमुळेच कळले. शिक्षणसंस्थांना अशी परवानगी देण्याचे धोरण 2002 साली ठरले आणि पहिले केंद्र 1 फेब्रुवारी 2004 रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात सुरू झाले. 2006 पासून स्वयंसेवी संस्थांनाही ती मुभा मिळाली. या केंद्रांची शक्ती बेताची असते. सामान्यतः शंभर वॅट, म्हणजे पाच-दहा किलोमीटरांच्या परिसरापुरती. स्वतःच्या बातम्या देण्यास त्यांना मनाई आहे. परंतु परिसरातील लोकांशी त्यांच्या भाषेत, त्यांच्या कामाच्या गोष्टी बोलाव्यात यासाठीच ती असतात. धाकटीच्या महाविद्यालयात असे एक केंद्र होते आणि ते चालविण्याचे पुष्कळसे काम विद्यार्थ्यांकडे असे.

पहिल्याच आठवड्यात तेथील अध्यापिकाबाईंनी प्रत्येकाचा एक मिनिट आवाज मुद्रित करून तो सर्वांना ऐकविला. आपला तो किनरा, अनोळखी आवाज ऐकून धाकटी रडली आणि रात्री आजीला दूरध्वनी करून 'मी परत येते' म्हणाली. दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गास कारण समजावून दिले. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला हवेतून तर ऐकू येतोच, पण कवटीच्या हाडांतूनही येतो. त्यामुळे तो भारदस्त वाटतो. यंत्रात फक्त हवेतला भाग उतरतो. "हा आवाज जगाला रोजच ऐकू येत होता," बाई म्हणाल्या, "तो फक्त तुम्हांलाच नवा आहे. जगाने आजवर तक्रार केलेली नाही." धाकटीने परत येण्याचा बेत पुढे ढकलला.

पुढे सुटीत आली म्हणजे ती आम्हांस तेथील विद्या सांगे. ध्वनिक्षेपकापासून तोंड वीतभर दूर आणि किंचित तिरके असावे; नाहीतर प, फ, ब, भ या ओष्ठ्य वर्णांचा वारा त्यावर आदळून 'फट्' असा आवाज होतो. कागद टाचू नयेत, सुटे ठेवावेत. पान उलटल्याचा आवाज श्रोत्याला पावसासारखा ऐकू येतो. वाक्य कानासाठी लिहावे, डोळ्यांसाठी नव्हे. 'उपरोक्त' आणि 'खालीलप्रमाणे' हे शब्द तर वर्ज्यच. कारण श्रोत्याला वर काय आणि खाली काय! त्याला मागचे पान उलटून पाहता येत नाही. चाळीस वर्षे निबंध तपासले, पण हे आमच्या ध्यानात कधी आले नव्हते.

बाईंची शिकविण्याची रीत तर आम्ही मुद्दाम खोदून विचारून घेतली. त्या एका आठवड्यात एकच दोष सांगत. तोही एकटीला बोलावून आणि आधी काय चांगले झाले ते सांगून. पहिले तीन महिने त्यांनी धाकटीस बोलावयास लावलेच नाही. दुसऱ्यांची मुद्रिते साफ करण्याचे काम दिले. संगणकाच्या पडद्यावर आवाजाची नागमोडी आकृती दिसते. तीत नको असलेला भाग निवडून कापावयाचा. ते करीत असता धाकटीस एक नवलाची गोष्ट कळली. मोठमोठे वक्ते अडखळत होते, एकच शब्द दोनदा म्हणत होते, धापा टाकीत होते. "आजोबा, सगळेच चुकतात," ती आम्हांस म्हणाली, "फक्त ऐकू येतं ते चुका काढून टाकलेलं असतं." त्यानंतर तिने पंधरा सेकंदांची निवेदने केली, मग मंडईतील फुलवाल्या बायकांच्या मुलाखती घेतल्या. प्रश्न विचारून गप्प राहावे लागते आणि गप्प राहिले की समोरचे माणूस खरे बोलू लागते, हे तिला तेथे समजले. दहा वर्षांचे मौन असे कामी आले.

दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात वहिनींच्या डोळ्यांतील मोतीबिंदू काढण्यासाठी आम्ही पुण्यास गेलो. उतरण्याची जागा मुद्दामच महाविद्यालयाजवळ घेतली होती. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी धाकटीचा अर्ध्या तासाचा थेट कार्यक्रम होता. त्यात नेत्रविकारांवर एक डॉक्टर बोलावयाचे होते. वहिनी पट्टी बांधून निजलेल्या, उशाशी रेडिओ. ठरल्या वेळी धाकटीचे नमस्काराचे शब्द आले आणि मग काही क्षण शांतता पसरली. आमच्या पोटात गोळा आला. मागाहून कळले ते असे : पावसाने रस्ते तुंबून डॉक्टर वाटेत अडकले होते, आणि अशा वेळी लावावयाचे मुद्रित गाणे संगणक उघडू देईना.

तिचा आवाज पुन्हा आला. तो बारीकच होता, पण हलत नव्हता. "आपले पाहुणे पावसात अडकले आहेत," तिने सरळ सांगितले. "ते येईपर्यंत, त्यांना विचारायचे प्रश्न मला कुठे मिळाले ते सांगते. ते माझ्या आजीचे आहेत." आणि तिने वहिनींची गोष्ट सांगितली. दिव्याभोवती वलये दिसू लागली तेव्हा त्या कोणाला बोलल्या नाहीत. पिकल्यावरच काढतात अशा जुन्या समजुतीने दोन वर्षे थांबल्या. शस्त्रक्रियेत डोळा बाहेर काढतात की काय, अशी भीती त्यांच्या मनात होती. आणि प्रत्यक्षात धूसर झालेले भिंग काढून तेथे कृत्रिम भिंग बसवितात, हे ऐकल्यावर त्या रात्री प्रथमच स्वस्थ झोपल्या. कागद नव्हता, घाई नव्हती. अकरा मिनिटे ती बोलली; मग डॉक्टर आले आणि तिने पहिला प्रश्न विचारला.

वहिनी पट्टीखालून म्हणाल्या, "भावजी, ही माझ्याशीच बोलते आहे हो." ते खरेच होते. बाईंनी तिला शिकविले होते की हजार श्रोते डोळ्यांपुढे आणू नयेत, एकच आणावा. तिने पहिल्या दिवसापासून आजीलाच समोर बसविले होते. समोर कोणी नसते म्हणून जी नभोवाणीकडे गेली, तिने तेथे आपले माणूस समोर आणून बसविले.

पुढच्या महिन्यात तिने आम्हांसच बोलाविले. उच्चारशास्त्रावर आम्ही दहा मिनिटे बोलावे अशी तिची इच्छा. विषय आमच्या हातचा. पाणिनीय शिक्षेत वाईट पाठकाचे सहा दोष सांगितले आहेत : गात वाचणे, घाईने वाचणे, डोके हलविणे, लिहिलेले पाहून वाचणे, अर्थ न कळता वाचणे आणि दबक्या गळ्याने वाचणे. आम्ही चार पाने लिहून घेऊन त्या बंद खोलीत बसलो. तांबडा दिवा लागला आणि आमचा गळा सुकला. ज्या दोषांवर व्याख्यान द्यावयाचे, त्यांतील चार आम्ही पहिल्या मिनिटातच करून दाखविले. हेल काढला, घाई केली, कागदातून डोळे काढले नाहीत, आणि मान इतकी हलविली की आवाज कधी यंत्रात तर कधी भिंतीवर जाई.

काचेपलीकडे तिचे दोन सोबती होते. आम्ही थांबलो, तेव्हा धाकटीने प्रथम त्यांना चहास पाठविले. मग पाण्याचे भांडे घेऊन आत आली, समोर बसली, आणि हळूच म्हणाली, "सुरुवात छान झाली, आजोबा. कागद माझ्याकडे राहू द्या. दुपारी आजीला सांगता ना, तसंच मला सांगा." पुढचे दहा मिनिटांचे भाषण बरे झाले असे लोक म्हणतात. आम्हांस त्यातील काही आठवत नाही. आठवते ते तिने त्या दोघांना चहास पाठविणे.

त्याच शिक्षेत चांगल्या पाठकाचे सहा गुणही दिले आहेत. वाणीची गोडी, अक्षरांचा स्पष्टपणा, शब्दांची योग्य तोड आणि चांगला स्वर हे पहिले चार. पाचवा आहे धैर्य आणि सहावा लय. सहा दोष आम्ही जन्मभर शिकविले. परंतु धैर्य हा पाचवा गुण कोणास शिकविल्याचे स्मरत नाही. ते जन्मतः असते किंवा नसते, अशीच आमची समजूत. वास्तविक शास्त्रकाराने ते स्वराच्या आणि लयीच्या पंक्तीला बसविले आहे. म्हणजे तेही अभ्यासानेच येते. आणखी एक दृष्टांत तेथेच आहे. वाघीण पिल्लाला दातांनी उचलून नेते तेव्हा ते खाली पडू देत नाही आणि त्याला दात लागूही देत नाही. वर्णांचा उच्चार तसा करावा. विद्यार्थ्याची चूकही तशीच धरावी, हे आम्हांस त्या खोलीत उमगले. दोषाकडे काणाडोळा केला तर पिल्लू पडते, हे आम्ही जाणत होतो. दात लागतात, हे मात्र जाणले नव्हते.

परतताना गाडीत आम्ही तिला विचारले, "तुला तो गणपतीतला प्रसंग आठवतो का, बाळ?" ती थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, "आठवतो. पण तुमचंही चुकलं नव्हतं, आजोबा. दीर्घ झालाच होता." यावर आम्ही काय बोलणार? "तो दुसऱ्या दिवशी सांगावयास हवा होता," इतकेच म्हणालो. तिने मान डोलाविली.

यंदाच्या गणेशोत्सवात आमचा सहा वर्षांचा पणतू प्रथमच एकटा अथर्वशीर्ष म्हणावयास उभा राहिला. माजघर भरलेले होते. नेमका त्याच जागी त्याने ऱ्हस्वाचा दीर्घ केला. आम्ही पाटावर तोंड मिटून बसून राहिलो. सोपे गेले नाही. तो अखेरपर्यंत म्हणाला आणि प्रसाद घेऊन पळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यास मांडीवर घेऊन आम्ही तो एकच ऱ्हस्व बसवून घेतला. बाकीच्या चुका पुढच्या आठवड्यांसाठी ठेवल्या आहेत. गजाननास घाई दिसत नाही.