राखणदाराची खोपी

रत्नागिरी, कार्तिक

चि. सोनू हिस,

तुझ्या घराच्या आराखड्याची चित्रं पाहिली. समुद्राकडे काचेची भिंत, वर माळा, खाली दोघांपुरती जागा. हात छान वळलाय तुझा. पण हे घर कुणाचं, ते कागदावर कुठे दिसत नाही. इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. आषाढातली पश्चिमेची झड ती काच कशी झेलणार?

छोटं आणि वेगळं घरच करायचंय ना? मग आंब्याच्या बागेतल्या राखणदाराचं कर.

आता राखणीला नेपाळची माणसं यायला लागतील. आपण सगळ्यांना सरसकट गुरखे म्हणतो. गोळप-पावसच्या सड्यांवर मोहोरापासून शेवटची पेटी जाईपर्यंत बागा हीच माणसं सांभाळतात. कित्येकांबरोबर बायको-मुलंही असतात. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, पण तो राखणाऱ्याच्या डोक्यावर अजून पत्रा आणि प्लास्टिकचा कागदच आहे. मला हे फार सलतं.

त्या खोपीचा दिवस समजून घे. माणूस रात्रभर बॅटरी घेऊन हाका घालत हिंडतो आणि झोपतो दिवसा, म्हणजे पत्रा सगळ्यात जास्त तापतो नेमका तेव्हा. खालचा कातळही तापलेला. बायको तोवर माकडं हाकते, बाहेर तीन चिऱ्यांच्या चुलीवर भात शिजवते, पोरं कलमाच्या सावलीत. एप्रिलच्या भर दुपारी इथे माणसाला झोप लागेल का, एवढा एकच प्रश्न घेऊन बसलीस तरी तुझा अर्धा आराखडा होईल.

आणि हे घर बारमाही नको! मिरगाच्या आधी ही माणसं गावी जातात. आपल्याकडे दिवाळीनंतर खळं करून मांडव घालतात आणि पावसाआधी उतरवून वासे, बांबू पडवीत रचून ठेवतात. दरवर्षी उभं राहणारं, दरवर्षी निघणारं बांधकाम आपल्या गड्यांना पाठ आहे. भिंतीला बागेचाच गडगा घे. जांभ्याचे दगड नुसते रचलेले, सिमेंटचा कण नाही, फटींतून वारा येतो. पत्रा ठेवायचा तर ठेव, पण त्याखाली हातभर पोकळी सोडून झापांचं दुसरं छप्पर घाल, म्हणजे तापलेली हवा मधूनच निघून जाईल. चूल मात्र लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला. सड्यावरचं गवत वाळलं की वणव्याला ठिणगी पुरते.

पाया खणू नकोस. त्यासाठी कातळ फोडावा लागेल, आणि कलमांच्या खड्ड्यांसाठी तो आधीच पुष्कळ फुटलाय. अशाच सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. गवताखाली अजून काय असेल, कुणी सांगावं!

दिवाळीत तू इथे विसरलेलं पुस्तक मी वाचून काढलं. वास्तुकार फ्रँक लॉइड राइटने १९३७ मध्ये ॲरिझोनाच्या वाळवंटात टालिएसिन वेस्ट हे आपलं शिकवण्याचं ठिकाण बांधायला घेतलं, तेव्हा शिकणारी मुलं तंबूत राहिली. पुढे आपापला निवारा बांधून त्यातच राहायची तिथे रीत पडली. मला त्याहून भावली ती अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठाच्या रुरल स्टुडिओची मुलं. साहित्य आणि मजुरी धरून वीस हजार डॉलरांत घर बसवायचं, हे काम त्यांनी २००५ मध्ये हाती घेतलं. तूही आधी राहणारा माणूस ठरव, मग रेघ ओढ. आराखडा तपासणाऱ्या तुमच्या परीक्षकांना हे पटायला हरकत नाही. नाहीच पटलं तरी करच.

मार्गशीर्षात ये. ओळखीच्या बागायतदाराशी मी बोलून ठेवते, खर्च त्यालाच करायचा आहे, तेव्हा त्याचंही ऐकून घे. टेप, वही आण, जाड तळव्यांचे बूट आण, आणि मोजमापं घेण्याआधी राखणदाराच्या बायकोला विचार की चूल, मोरी आणि पोरांची निजायची जागा तिला कुठे हवी. मोडकं हिंदी दोघींनाही येतं.

तुझी,
मावशी