मस्कत की सलाला?

बिदर व कलबुर्गी या दोन जिल्ह्यांना समुद्र नाही. येथला माणूस पाणी पाहतो ते मांजरेचे, भीमेचे किंवा कारंजा धरणाचे. आणि उन्हाळ्यात तेही खाली गेलेले असते. असे असूनही आज आमच्या कित्येक घरांत अरबस्तानातील बंदरांची नावे हुमनाबाद-बसवकल्याणच्या सहजतेने उच्चारली जातात.

गेल्या वर्षी ईस्टरनंतर भालकी तालुक्यातील एक परिचारिका आपल्या पतीसह मला भेटावयास आली. तिच्या हाती दोन पत्रे होती. दोन्ही ओमान देशातील रुग्णालयांची. एक मस्कतचे, दुसरे सलालाचे. दोन्ही शहरे समुद्रकाठची, पगारात फारसा फरक नाही. त्याआधीच्या वर्षी ही दोन्ही शहरे पाहण्याचा योग मला आला होता, म्हणून हा प्रश्न माझ्या दारी आला.

प्रथम मी तिला निकितिनची हकिकत सांगितली. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी इ.स. १४७० च्या सुमारास चौलला उतरून बिदरला आला. आपला घोडा त्याने बिदरातच विकला, आणि आळंदच्या जत्रेत भरणाऱ्या घोडेबाजाराचे वर्णनही लिहून ठेवले. परत जाताना तो दाभोळहून गलबतात बसला आणि वाटेत मस्कतला ईस्टर आला, तो त्याने तेथेच पाळला. परमुलखात सणांचे दिवस नीट मोजता येत नाहीत याचे त्या भाविकाला फार दुःख होते. तात्पर्य, बिदरहून मस्कत ही वाट काही आजची नव्हे. परिचारिकेने हे सारे आदराने ऐकून घेतले. तिच्या पतीने मात्र दोनदा घड्याळ पाहिले.

मस्कतचे पहिले दर्शन कठोर आहे. काळेकभिन्न, उघडे डोंगर थेट पाण्यात उतरलेले, आणि त्यांच्या कुशीत पांढरी घरे. बंदरावर जलाली व मिरानी हे पोर्तुगीज अमदानीतील दोन किल्ले समोरासमोर उभे आहेत. मे-जूनमध्ये उष्मा ४० अंशांच्या वर जातो. कलबुर्गीकराला ४० अंशांचे काय भय, असे मी मनाशी म्हणालो होतो. पण आमचे ऊन कोरडे, तेथले दमट. सायंकाळीही अंगरखा पाठीस चिकटलेला राहतो. मात्र तेथे माणसांची सोबत मोठी. आमची दखनी बोली बाजारात बहुतेक ठिकाणी चालून जाते. रुवी येथे सुलतान काबूस यांनी दिलेल्या जागेवर संत पेत्र व संत पौल यांचे चर्च आहे. शुक्रवार हा सुटीचा वार असल्याने भाविकांची दाटी त्या दिवशी. तेथे कोकणी मिस्सा ऐकताना मला अर्धे शब्द आपले वाटले.

सलालाचे वर्णन करताना माझी जीभ सैल सुटली, हे कबूल केले पाहिजे. मस्कतपासून सुमारे १,००० किलोमीटर दक्षिणेस, धोफार प्रांतात हे शहर आहे. आपल्याकडे पाऊस आणणारा नैऋत्येचा वारा तेथल्या डोंगरांनाही स्पर्श करून जातो. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत धुके उतरते, बारीक भुरभुर लागते आणि वाळवंटी डोंगर हिरवे होतात. या ऋतूला तेथे ‘खरीफ’ म्हणतात. मूळ अरबी अर्थ शरद ऋतू. आपण तुरी पेरतो तो खरीप हंगाम याच शब्दाचा. रस्त्याच्या कडेला शहाळी, केळी, पपया यांची दुकाने. डोंगरापलीकडच्या कोरड्या भागात ऊदाची झाडे आहेत. बेथलेहेमच्या गव्हाणीपाशी मागी लोकांनी वाहिला तो ऊद. त्या झाडाच्या सालीवर ओघळलेला डिंक मी बोटाने चाचपून पाहिला. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नावाचे लहानसे चर्चही तेथे आहे. खरीफमध्ये समुद्र इतका खवळतो की त्यात पाऊल घालवत नाही, हे मात्र मी घाईने सांगून टाकले. वादळांचे म्हणावे तर उजवे-डावे करता येत नाही: जून २००७ मध्ये ‘गोनू’ने मस्कतला बुडविले, मे २०१८ मध्ये ‘मेकुनू’ने सलालाला.

माझा कौल कोणीकडे आहे हे एव्हाना दोघांनाही कळले होते. पती हसून म्हणाला, “मग सलालाच म्हणा की, फादर.”

ती काही वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, “आईचं काही झालं, तर मी किती तासांत भालकीला पोचेन?”

या प्रश्नाचा मी विचारच केला नव्हता. धुके, ऊद, शहाळी, सारे काही पाहून आलो होतो. हा हिशेब तेवढा केला नव्हता. आम्ही तिघांनी कागद घेतला. मस्कतहून हैदराबाद विमानाने सुमारे तीन तास, पुढे मोटारीने चार. सलालाहून निघावे तर बहुधा आधी मस्कत गाठावे लागणार, आणि पुढचे विमान केव्हा मिळेल ते त्या दिवशीच कळणार. तिची आई विधवा, एकटी राहणारी, आणि दोन वर्षांपूर्वी एकदा पक्षाघाताचा झटका येऊन गेलेली. जावयाने सासूला सोबत नेण्याचे सुचविले होते. पण म्हातारीने गाय आणि घर सोडण्यास साफ नकार दिला होता.

ती मस्कतला गेली. जाताना दोन किलो तूरडाळ आणि आईच्या औषधांच्या चिठ्ठीची एक प्रत तिने पिशवीत घेतली. दुसरी प्रत माझ्याकडे ठेवून गेली. महिन्यातून एकदा मी म्हातारीकडे जातो आणि गोळ्या मोजून पाहतो.

जूनमध्ये तिचा निरोप आला. रुवीच्या कोकणी मिस्सेला जाते, बोलणे हळूहळू कळू लागले आहे, असे त्यात होते. आईची चौकशी होती. शेवटी एकच ओळ: “फादर, आपल्याकडं पाऊस पडला का?”