वरचा मजला, खालची भिंत

आमच्या मोहल्ल्यात जागेची वाटणी होत नाही, मजल्यांची होते. 500 चौरस फूट जागा कापणार कुठे? म्हणून मुलाचं लग्न ठरलं की स्लॅबवर विटा चढतात.

यंदा आमच्या घरातही ती वेळ आली. धाकट्याची तारीख ठरली. मिस्त्री चाचांनी भिंतीवर थाप मारली, "9 इंची आहे, बेटा. आरामात घेईल." अम्मीला तेवढं पुरेसं होतं. मी इंजिनिअरला बोलावलं, तेव्हा घरात कुजबुज झाली, फुकटचा खर्च म्हणून.

इंजिनिअर गच्चीवर गेलेच नाहीत. पायाच्या कडेला एक खड्डा घ्यायला लावला. आमच्या सोलापूरची काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. तिच्यावर अब्बांनी एका मजल्यापुरताच पाया घातला होता. मग त्यांनी हिशेब मांडला. 5 इंची स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे 300 किलो. माणसं-सामानाचे आणखी 200 धरायचे. 10 फूट उंचीची 9 इंची भिंत, लांबीच्या दर फुटाला साधारण 400 किलो. 1000 लिटरची टाकी भरली की एक टन. शिवाय खालचा हॉल मोठा करायला जी मधली भिंत आम्ही पाडणार होतो, तिच्यावरच जुना स्लॅब टेकलेला होता.

उपाय दोन होते. नवे कॉलम, त्यांचा स्वतःचा पाया मुरमापर्यंत, आणि वरचा मजला त्या कॉलम-बीमवर. नाहीतर वर हलकं पत्र्याचं बांधकाम, तेही पाया तपासूनच. धाकटा म्हणाला, "भाईजान, नवरीला पत्र्याखाली आणू?" कॉलमचा खर्च मात्र यंदा झेपणारा नव्हता.

शेवटी ठरलं असं: यंदा फक्त पाया आणि कॉलम, स्लॅब पुढच्या वर्षी. लग्न ठरल्या तारखेलाच. नव्या जोडप्याला आमची खोली, आम्ही मुलांसकट हॉलमध्ये.

2013 च्या एप्रिलमध्ये मुंब्र्याजवळ शिळफाट्याला घाईघाईनं उभी केलेली बेकायदा इमारत कोसळली. 74 माणसं गेली. आपल्या वस्त्यांत जागा कमी, परवानग्या अवघड, हे सगळं खरं. पण मातीला आपली अडचण कळत नाही. तिला फक्त वजन कळतं. मजला चढवायचा असेल, तर मिस्त्रीशी भाव ठरवण्याआधी जाणकार इंजिनिअरला पाया दाखवा.