हिंगण्याची झोपडी

वाचकहो, माल घेऊन किंवा दवाखान्याच्या कामाने आपले पुण्याला जाणे होतेच. पुढच्या खेपेस तासभर मोकळा ठेवा आणि कर्वे रस्त्याने कर्वेनगरला जा. पूर्वीचे हे हिंगणे. आज तिथे इमारतींची दाटी आहे, पण महर्षी कर्वे यांच्या स्त्रीशिक्षण संस्थेच्या आवारात एक झोपडी जपून ठेवली आहे. लेकीबाळींना ती जरूर दाखवा.

अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला. रावबहादूर गोखले यांनी सहा एकर माळ दिला आणि १९०० साली आश्रम या झोपडीत आला. तेव्हा इथे धड रस्ता नव्हता. अण्णा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत आणि संध्याकाळी चिखल तुडवीत इथे येत.

इथे येणाऱ्या बायका कोण होत्या? अण्णांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांचेच पाहा. अकराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य, पदरात एक मुलगा. पंचविशी उलटल्यावर त्या शिकू लागल्या, आश्रमाच्या कामाला लागल्या आणि गावोगाव फिरून त्यासाठी वर्गणी गोळा केली. १९१८ साली त्या अमेरिकेलाही गेल्या. तिथे लोकांच्या घरी कामे केली, पण हिंमत सोडली नाही.

तुम्ही म्हणाल, ही पांढरपेशांची गोष्ट. आपल्यात पाट लागत असे. खरे आहे. पण पाट लागला तरी पहिल्या घरच्या लेकराचे काय, हा प्रश्न आईच्या काळजात राहायचाच.

आणि तो प्रश्न आजही संपलेला नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे बावीस जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. बीड जिल्ह्यात तर त्रेचाळीसहून अधिक. ऊसतोडीला जाताना वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीने किती अक्षता पडतात ते आपण जाणतोच. मग कुणी नवरा टाकतो, कुणाचा मरतो, आणि सतरा-अठराची पोर लेकरू काखेला घेऊन माहेरच्या उंबऱ्यावर उभी राहते.

तिला एवढे तरी सांगा. २००६ च्या कायद्याप्रमाणे असे लग्न तिला जिल्हा न्यायालयातून रद्द करून घेता येते. वीस वर्षे पूर्ण होईपर्यंत अर्ज करता येतो. लग्न रद्द झाले तरी लेकरू औरस ठरते. पुन्हा लग्न होईपर्यंत तिची पोटगी, तिचा निवारा, लेकराचा ताबा आणि त्याचा खर्च, यांविषयी न्यायालय हुकूम देऊ शकते. गावचे ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, त्यांना विचारा. शाळा सुटली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसता येते.

झोपडीपुढे उभे राहिलो तेव्हा मनात आले, की त्या पोरींना अण्णांनी काय दिले? डोक्यावर छप्पर, हातात पाटी आणि थोडा वेळ. आपल्या घरात एवढी जागा नाही का? परत आलेल्या लेकीला "आता काय करायचे?" असे विचारण्याआधी तिचे लेकरू आपण मांडीवर घ्यावे आणि तिला म्हणावे, "बस, आधी दोन घास खा. उद्यापासून पुस्तक काढू."

तिचे हिंगणे तिथूनच सुरू होईल.