दवाखान्यात लागलेलं दुखणं

‘जळगाव-धुळ्यात सर्वांत कमी संसर्ग कोणत्या रुग्णालयात होतो, ते यंदाच्या अंकात लिहाच,’ असा संपादकांचा आग्रह होता. तशी यादी मी देणार नाही, कारण तिने वाचकांची फसगत होईल. ‘आमच्याकडे शून्य’ असं जिथे सांगतात, तिथे बहुतेक वेळा कुणी शोधलेलंच नसतं. आकडा मोठा दिसतो तिथे मात्र एखादी सिस्टर रोज सकाळी वही घेऊन खाटाखाटांवर फिरत असते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझं आयुष्य गेलं आणि ‘कमी आकडा म्हणजे चांगलं रुग्णालय’ या एका गैरसमजाने मला सर्वांत जास्त थकवलं.

दाखल होताना संसर्ग नव्हता, शरीरात दबा धरूनही नव्हता आणि साधारण ४८ तासांनंतर उद्भवला, तर तो रुग्णालयात लागला असं धरतात. त्याच्या मुख्य वाटा चार: लघवीची नळी (कॅथेटर), मोठ्या शिरेतली सेंट्रल लाइन, व्हेंटिलेटर आणि शस्त्रक्रियेची जखम. पहिल्या तिन्हींत आम्ही नुसती माणसं मोजत नाही, नळीचे दिवस मोजतो. समजा, एका आयसीयूत महिन्याभरात कॅथेटरचे दिवस २४० भरले आणि दोघांना संसर्ग झाला. दर हजार दिवसांमागे दर आला ८.३. पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी मनावर घेतलं, गरज संपताच नळ्या काढल्या. दिवस उरले १०० आणि संसर्ग झाला एकालाच. आता दर १०! त्रास निम्म्या माणसांना झाला, तरी कागदावर रुग्णालय बिघडलं. शिवाय नळी ज्यांची निघत नाही ते सर्वांत अत्यवस्थ, म्हणजे संसर्गाचा धोकाही त्यांनाच जास्त. बैठकीत हा दर वाचून व्यवस्थापक सिस्टरला धारेवर धरतात तेव्हा मला राहवत नाही. दराशेजारी नळीचा वापर किती झाला हेही छापलंच पाहिजे. एकूण रुग्ण-दिवसांपैकी नळीचे दिवस किती, हे पाहिल्याशिवाय त्या दराला अर्थ नाही. हे मी प्रत्येक बैठकीत सांगतो आणि सांगत राहणार.

नमुन्याचंही तसंच. कॅथेटरच्या लघवीत मिलिलिटरमागे किमान एक लाख जंतू आणि जोडीला ताप किंवा तशी लक्षणं असली, तरच आम्ही संसर्ग म्हणतो. नमुना पिशवीतून घ्यायचा नसतो, नळीच्या ठरलेल्या जागेतून सुईने घ्यायचा असतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. भर दुपारी वॉर्डातल्या टेबलावर दोन तास पडून राहिलेल्या बाटलीत ई-कोलाय अनुकूल उबेत वीस-वीस मिनिटांनी दुप्पट होत जातो. प्रयोगशाळेत येतो तो रुग्णाचा संसर्ग की टेबलावरचा उन्हाळा, हे मग कुणी ठरवायचं? उलटंही होतं. गावातल्या डॉक्टरांकडे, मग तालुक्याला अँटिबायोटिक घेऊन रुग्ण आमच्याकडे पोचतो. रक्ताच्या बाटलीत काहीच वाढत नाही आणि नोंद शून्य राहते.

सगळ्यांत मोठी गळती जखमांची. शस्त्रक्रियेनंतर ३० दिवस, सांध्यात कृत्रिम भाग बसवला असेल तर ९० दिवस लक्ष ठेवायचं असतं. रावेरची बाई सिझेरियननंतर माहेरी जाते, साक्रीचा शेतकरी चौथ्या दिवशी घरी जातो. टाक्यांत पू होतो तो तिथे, आणि ड्रेसिंग करतो तिथलाच डॉक्टर. ज्या रुग्णालयाने चाकू लावला, त्याला पत्ताही नसतो. म्हणून सिस्टरने फोन करून अहिराणीत ‘आते कसं शे?’ असं विचारायचं. मग माणूस मोकळेपणाने बोलतो. फोन सुरू झाले की आकडा वाढतो. तो वाढलेला आकडाच खरा.

मोजण्याने उपयोग काय, असं विचारणाऱ्यांसाठी: अमेरिकेत सत्तरच्या दशकात झालेल्या सेनिक अभ्यासात, नीट नोंद ठेवून ती शल्यविशारदांना परत कळवणाऱ्या आणि नियंत्रणासाठी माणसं नेमणाऱ्या रुग्णालयांत संसर्ग ३२ टक्क्यांनी घटले. जिथे हे नव्हतं, तिथे १८ टक्क्यांनी वाढले. आपल्याकडेही दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने, आयसीएमआर आणि अमेरिकेच्या सीडीसीच्या साथीने, एकाच व्याख्येने मोजणाऱ्या रुग्णालयांचं जाळं उभं राहिलं आहे.

पण मोजून सांगणाऱ्याचं काय होतं? मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मार्च २०१० मध्ये लिहिलं, की कार्बापेनेम या राखीव अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या २४ जंतूंपैकी २२ मध्ये एनडीएम-१ (न्यू दिल्ली मेटालो-बीटा-लॅक्टमेज) हे औषध निकामी करणारं विकर सापडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’मध्ये त्यावर लेख आला आणि देशभर वाद पेटला तो नावात दिल्ली का, यावर. जंतू मागे राहिला. इकडे मार्च २०१७ मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला रुग्णाच्या नातेवाइकांनी इतकं मारलं, की डोळ्याला गंभीर इजा झाली. तिथे निमित्त संसर्गाचं नव्हतं, पण त्यानंतर ‘हा संसर्ग इथेच लागला’ असं केसपेपरवर लिहायला कोणता तरुण डॉक्टर धजेल? लपवालपवीचं मी समर्थन करत नाही. पण लिहिणाऱ्याला संरक्षण नसेल, तर खरी नोंद मिळण्याची आशा मला दिसत नाही.

तुमचं माणूस आयसीयूत असेल, तर रोज एवढं विचारा: ही नळी कधी घातली आणि आज काढता येईल का? घातल्याची तारीख नळीच्या पट्टीवर लिहिलेली असायला हवी. नसेल, तर सिस्टरला लिहायला सांगा.