शेंडे खुडताना

रविवार. टाकीतल्या रोटाला या पाणवनस्पतीचे शेंडे पाण्याच्या वर येऊन आडवे पडलेत. वर गर्दी, खाली अंधार. त्यामुळे बुडख्याकडची पानं गळून नुसत्या काड्या उरल्यात. दोन आठवडे चालढकल केली, आज कात्री घेतली.

पहिला काप नेहमी जड जातो. लालसर, कोवळा शेंडा तर डोळ्यांना सगळ्यात आवडता! पण आई शेवंतीचे शेंडे निर्दयपणे खुडायची, तेच इथंही. शेंड्यातलं ऑक्सिन हे संप्रेरक पानांच्या बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की कापाखालच्या पेरातून बहुधा दोन फुटवे येतात.

पेराच्या जरा खाली कापलं. बोटभर लांबीचे शेंडे, खालची दोन पेरं पानं काढून मोकळी केली आणि चिमट्यानं वाळूत तिरके खोचले. सरळ खोचलेले तरंगून वर येतात, हे तीनदा भिजल्यावर कळलं. मुळं पेरातूनच फुटतात, आठवड्याभरात दिसतील.

शेजारची नीरब्राह्मी तशीच ठेवली. ती सावकाश वाढते, तिची घाई नाही.

कापताना सुटलेले तुकडे अजून तरंगताहेत. जाळीनं काढायला हवेत, नाहीतर फिल्टरमध्ये अडकतील.